ताकदीची गोळी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या भांड्यात बोट बुडवल्याशिवाय मी दूध घेत नाही, आणि कोणी फार गोड बोलायला लागलं की माझा हात आपोआप कमरेच्या चंचीकडे जातो. नवरा म्हणायचा, तू देवाच्या प्रसादाचासुद्धा वास घेशील. घेते. त्यात काय चुकलं?

हा स्वभाव मला बापाकडून आला. बाबा अनसिंगकडच्या एका खेड्यातले कास्तकार. वावर बेताचं, पण वाशीमच्या बैलबाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. कोणाला जोडी घ्यायची असली की तो आधी बाबांना सोबत न्यायचा. बाबा बैलाचे दात पाहायचे, शेपटी पिरगाळायचे, त्याला चार पावलं चालवायचे आणि मग विकणाऱ्याला म्हणायचे, "आता खोड सांग." बाजाराचा रिवाजच होता तो. बैल मारका असेल, पाण्यात बसत असेल, डाव्या बाजूला जुंपून घेत नसेल, तर आधी सांगायचं. सांगून विकलेला बैल परत येत नसे. न सांगता विकला, तर घेणारा चार माणसं घेऊन दारात उभा राहायचा. आणि विकणाऱ्यानं भराभर दोन-तीन खोडी सांगितल्या की बाबांचे डोळे बारीक व्हायचे. लहान खोडी सांगून हा मोठी लपवून राहिला, असं त्यांचं म्हणणं.

त्यात भर पडली नसबंदीच्या त्या दिवसांची. आमच्याकडे जीपचा आवाज आला की बाप्ये जवारीत पळायचे. बाबाही एकदा दिवसभर वावरात दडून बसले आणि संध्याकाळी अंगभर खाज घेऊन घरी आले. तेव्हापासून सरकारी सुई म्हणा, गोळी म्हणा, गावाला कशाचाच भरवसा राहिला नव्हता. साधा ताप आलेला माणूससुद्धा दवाखान्याच्या पायरीवर विचारायचा, "नुस्तं तपासतीन ना बापा?" ही हवा पुरती ओसरली नव्हती, तेवढ्यात माझ्या मायच्या छातीत गाठ निघाली.

मायनं ती किती महिने लपवली, तिलाच माहीत. दिवाळीला मी माहेरी गेले, न्हाताना तिची पाठ चोळायला बसले, तर काखेकडे हाताला काहीतरी टणक लागलं. मी विचारलं तर म्हणे, "काई नाई व, वावरात धुऱ्यावर पडली होती." मी कसली ऐकते! बाबांनी तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथे तिची एक बाजू काढून टाकली. कॅन्सर हा शब्द डॉक्टरनं बाबांना सांगितला, बाबांनी मला सांगितला, आणि मायला मात्र सांगितलं की गळू आत सडलं होतं. मायनं मान हलवली. पुढे ती पदर जरा जास्त ओढून घ्यायला लागली, एवढंच. खुरपायला मात्र आधीसारखीच जायची.

वर्ष बरं गेलं. मग एक दिवस गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळीत तिला हरभऱ्याच्या दाण्याएवढं काही लागलं. या खेपेला तिनं लपवलं नाही. बाबांचा हात धरून तिथे ठेवला आणि म्हणाली, "हे काय होय, पाहा." बाबांनी हात असा मागे घेतला की जणू विस्तवच होता तिथे.

शेजारणीनं शिरपूरच्या वाटेवरच्या एका झाडपाल्यावाल्याला घरी आणलं. तो म्हणे, लेप लावतो, गाठ विरघळून जाईल, शंभर टक्के. बाबांनी विचारलं, "औषिदाची खोड काय?" तो हसला. म्हणे, झाडपाल्याला कसली खोड? बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. खोड नाही म्हणणाऱ्याशी बाबा पुढे बोलतच नसत.

म्हणून पुन्हा नागपूर. मला तेव्हा चौथा महिना होता, पण मी मॅट्रिक झालेली, म्हणून बाबांनी मला सोबत घेतलं. डॉक्टरचं शुद्ध बोलणं तू समजून घे, म्हणाले. दवाखान्यात त्यांनी मायला बाहेर बाकड्यावर बसवलं, हातात फुटाण्याची पुडी दिली आणि आम्ही दोघं आत गेलो. मायनं पुडी उघडलीसुद्धा नाही. आमच्या पाठीकडे पाहत राहिली.

डॉक्टर तरुण होता आणि त्याला कसली घाई नव्हती. घाई नसलेल्या डॉक्टरचा मला आधी संशय येतो. तो म्हणाला, आजार पुन्हा निघाला आहे. पुन्हा कापून उपयोग नाही. विजेचा शेक देता येईल, जालीम इंजेक्शनं आहेत, पण त्यांनी केस जातात, उलट्या होतात, रक्त कमी होतं. आणि आता एक नवी गोळी आली आहे, बाहेरच्या देशातून. काही बायांमध्ये ही गाठ बाईच्या अंगातल्या रसावर पोसते. ही गोळी त्या गाठीचा तेवढा दाणापाणी तोडते, बाकी अंगाला फारसा हात लावत नाही.

"म्हंजे सगळ्या गावात एकच घर हुडकून जाते म्हणता?" बाबा म्हणाले.

"तसंच काहीसं."

"मंग खोड सांगा तिची."

डॉक्टरला आधी कळलं नाही. मी समजावून सांगितलं तेव्हा तो खुर्चीत नीट बसला आणि सांगायला लागला. अंगातून गरम वाफा निघतील, घाम फुटेल. मळमळेल. पाय सुजू शकतो, सुजला तर लगेच यायचं. मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाला, पोटुशी बाई असेल, अंगावर पाजणारी असेल, तर तिच्यापासून ही गोळी लांब ठेवायची, दूध आटतं तिच्यानं. पंधरा-वीस वर्षांनी काय होईल ते आम्हालाच माहीत नाही, गोळीच नवी आहे.

बाबांचे डोळे बारीक झाले. "ह्या झाल्या लहान. मोठी सांगा."

डॉक्टरनं हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाला, "मोठी ही, की त्यांना लागू पडेल की नाही हे घेतल्याशिवाय कळत नाही. आणि पडली तरी जन्मभर पुरेल असं नाही. पण काहीच घेतलं नाही, तर फार दिवस नाहीत."

मला हे काही पटलं नाही. ज्याला स्वतःलाच माहीत नाही, तो औषध कसला देतो? तो झाडपाल्यावाला बरा, निदान छातीठोक तरी बोलत होता! मी बाबांच्या कानात म्हटलं, "बाबा, हा आपल्यावर गोळी पारखून पाहून राह्यला." बाबा कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवर अंगठा घासत बसले. शेवटी म्हणाले, "येवढी खोड सांगून कोणी ठगवत नाई. घेऊ." आणि उठता उठता डॉक्टरला हात जोडले, "पन तिले नका सांगू."

बाहेर आलो तर माय उभीच होती. "काय म्हणे डाक्टर?"

"काई नाई. अशक्तपणा हाये तुले. ताकदीची गोळी देल्ली, लय महागाची, इलायतेहून येते."

"अन् हे गाठ?"

"थे ताकद आली का जिरते."

मायनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चप्पल शोधायला लागले. पायातच होती.

त्या दिवशी एस्टी स्टँडवर मी बाबांना गाठलंच. म्हटलं, बैल विकताना खोड सांगता, न सांगणाऱ्याच्या नावानं बोंबा मारता, आणि घरच्या बाईला खोटं? बाबा म्हणाले, "बैल खोड ऐकून मरत नाई, पोरी. माणूस मरते." मला पटलं नव्हतं. अजूनही पटत नाही.

माय गोळी घ्यायला लागली, आणि मी बाळंतपणापर्यंत माहेरीच राहिले. रोज सकाळी बाटली उघडायची, एक गोळी काढायची, आमच्या देखत पाण्यासोबत गिळायची. मध्येच एखाद्या दिवशी घामानं डबडबून ओट्यावर येऊन बसायची आणि पदरानं वारा घ्यायची. बाबा माझ्याकडे पाहायचे. डॉक्टर म्हणाला होता ते खरं निघत होतं. ती गाठ मात्र होती तेवढीच होती, वाढली नाही, जिरलीही नाही.

मग मी बाळंत झाले. पहिलं बाळंतपण, माहेरचं. मुलगा झाला. आणि मायच्या अंगात वारं शिरलं म्हणा ना! आमच्याकडे बाळंतिणीचं सगळं म्हणजे सगळं आधी. बाजेखाली शेगडी, अंगाला तेल, डोक्याला फडकं, आणि तोंडाला उसंत नाही. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, सकाळी हळिवाची खीर. तूप मायच्या ताटात कधी दिसायचं नाही, माझ्या वाटीवर बोटभर थर. "खा व, हाडं भरून येतीन." मी ओरडायचे, "माय, तू कधी खाशीन?" म्हणायची, "म्या खाल्लं." तिचं ते 'म्या खाल्लं' मी लहानपणापासून ऐकत आले आणि एकदाही खरं निघालं नाही. लग्नात मिळालेलं लुगडंसुद्धा तिनं माझ्या मावशीला दिलं होतं. चांगली चीज हातात आली की त्या बाईला आधी आठवायचं, ही कोणाला द्यावी.

बारसं झालं. पोरगा गुबगुबीत, माझं दूध त्याला पुरून उरायचं. आणि मग, थंडी ऐन भरात असताना, ते कमी व्हायला लागलं. पोरगा ओढायचा, सोडायचा, रडायचा. शेजारीण म्हणाली, नजर लागली. मी त्या शेजारणीवरच संशय घेतला, बारशाला आली तेव्हा तिनं पोराला भारीच निरखून पाहिलं होतं. मग मला सुईणीचा संशय आला. मग गावातल्या विहिरीच्या पाण्याचा. माय मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायची आणि खिरीची वाटी आणखी भरून आणायची. दूध आणखी कमी.

त्यातच मला वाफा यायला लागल्या. पायापासून निघून डोक्यापर्यंत, जसं कोणी अंगावर कढत पाणी ओतलं. आधी वाटलं शेगडीनं होत असेल. शेगडी काढायला लावली. तरी तेच. एका सकाळी मी अंगणात उघड्यावर उभी होते, तोंडातून धूर निघेल अशी थंडी, आणि घामानं माझी चोळी ओली. समोर माय सडा घालत होती. कोरडी ठणठणीत. किती दिवसांत तिला घाम फुटलेला मी पाहिला नव्हता.

माझ्या डोक्यात एकदम डॉक्टर बोलायला लागला. वाफा. घाम. दूध आटतं. सगळ्या खोडी मला, आणि गोळी मायची!

दुसऱ्या दिवशी मी पोराला घेऊन बाजेवर पडून राहिले, डोळे मिटल्यासारखे केले आणि फटीतून चुलीकडे पाहत राहिले. मायनं बाटली उघडली. गोळी काढली. तोंडाकडे नेली, पाणी प्याली, अगदी रोजच्यासारखी. मग हात खाली आला तेव्हा गोळी मुठीतच होती. तिनं ती वाटीच्या बुडानं पाट्यावर चुरली, चिमटीत घेऊन खिरीत टाकली, वरून तूप सोडलं आणि ढवळत माझ्याकडे आली.

"काय टाकलं?"

"कायी नाई. विलायची."

"माय, काय टाकलं?"

ती हसली. चोरी सापडलेल्या पोरीसारखी हसली आणि म्हणाली, "खाय ना व. ताकदीची होय. म्या बुढीनं खाऊन काय कराचं? तू पाजणारी."

मी वाटी भिरकावली. खीर भिंतीवर गेली, पोरगा दचकून रडायला लागला. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी मी किंचाळले, "ते ताकदीची नाई! ते तुह्या गाठीची हाये! कॅन्सरची हाये ते!"

माय तशीच उभी. हात गळ्याच्या त्या खळीकडे गेला. मला वाटलं ही आता पडते, बाबा म्हणाले तसंच होणार. पण ती पडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "कॅन्सर मले ठाऊक हाये. तवाच समजली होती म्या, दवाखान्यात तुह्या बापाचं तोंड पाहून. पन गोळी तं तुमी ताकदीची म्हणले."

"मंग?"

"मंग म्या समजली, आता औषिद राह्यलं नाई. डाक्टरनं हात टेकले, म्हणून नुस्ती ताकद देऊन राह्यले. चाललीच होती म्या. जाणाऱ्याले ताकद कायले पाहिजे? तुले तरी लागन."

इतके महिने ही बाई रोज चूल पेटवत होती, पोराला न्हाऊ घालत होती, लाडू वळत होती, आणि मनात धरून होती की आपल्यावर औषधच नाही. आणि आम्ही तिला धक्का बसू नये म्हणून जपत होतो! बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. उंबऱ्यावर बसले आणि पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मायनं त्यांच्याकडे पाहिलं. "येवढा का भरवसा नव्हता माह्यावर?" बाजारात बोलण्यात कोणालाच हार न जाणारा माझा बाप गुडघ्यावरच्या पागोट्याचा पीळ उलगडत बसला.

मग तिला एकदम दुसरंच सुचलं. "म्हंजे तुहं दूध म्याच आटवलं काय व?"

मी नाही म्हणू शकले असते. घरात खोटं काय कमी झालं होतं? पण म्हटलं, "हो."

कॅन्सरचं नाव ऐकून न रडलेली माझी माय त्या एका शब्दावर कपाळ बडवून रडली. मीही रडले. पोरगा तर रडतच होता. शेवटी बाबाच उठले, शेजारच्या घरून बकरीचं दूध घेऊन आले, त्यात पाणी घालून गरम केलं आणि चमच्यानं पोराला पाजत बसले.

आठवडा गेला नाही तोच आम्ही नागपूरला, पोराला घेऊन. या वेळी माय आत बसली. डॉक्टरनं आधी पोराला पाहिलं, तोललं, म्हणाला, चांगला आहे, बकरीचं दूध उकळून पाजा. मला म्हणाला, अंगातून औषध निघून जाईल, पण दूध परत येईल असं नाही. आलं नाहीच ते. मग त्यानं सगळ्या खोडी मायला पहिल्यापासून सांगितल्या, मोठी धरून. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढं तं सांगाचं होतं." मी विचारलं, मधल्या काळात गोळी पोटात गेली नाही, त्यानं किती नुकसान झालं? तो म्हणाला, सांगता येत नाही. त्या डॉक्टरचं हे वाक्य मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

त्यानंतर मी मायच्या समोर पाट टाकून बसायची. गोळी गिळली की म्हणायची, जीभ दाखव. जिभेखाली दाखव. मूठ उघड. ती चिडायची, "डाकूलेबी कोणी असं तपासत नाई व!" मी म्हणायचे, डाकू बरा. सासरी जायचे दिवस आले तरी मी गेले नाही. नवरा दोनदा न्यायला आला आणि दोन्ही वेळा जेवून परत गेला.

पावसाळा सरत आला तेव्हा पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टरनं तिच्या गळ्याची खळी चाचपली. पुन्हा चाचपली. मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. हरभऱ्याची ज्वारी झाली होती. "लागू पडली," तो म्हणाला, "किती दिवस, ते विचारू नका." ती पुढे काही वर्षं राहिली. माझा पोरगा पाटी घेऊन शाळेत गेला, तो तिच्याच बोटाला धरून.

गोळी लागू पडल्याचं कळलं त्या दिवशी परतीच्या एस्टीत माय खिडकीशी बसली होती, पोरगा तिच्या मांडीवर झोपलेला. कारंजा मागे पडल्यावर म्हणाली, "म्हंजे हे गोळी फक्त माह्याच कामाची?"

"हो."

"तुले चालत नाई. तुह्या बापाले नाई. दुसऱ्या कोणालेच नाई?"

"नाई म्हणलं ना. कितींदा इचारशीन?"

"बरं झालं मंग," ती म्हणाली. "कोणाच्या कामाची असती, तं म्या नसती खाल्ली."

मला तिचा असा राग आला, असा राग आला! मी तोंड फिरवून बसले, आणि वाशीम येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही.